आधी मीठ, मग रंग: घरच्या गॅरेजमध्ये लोखंडाला एपॉक्सी लावताना

आमच्या घराचे गेट चार महिने पावसात उभे असते. बाल्कांवाची, म्हणजे पुढच्या पडवीची ग्रील मात्र छपराखाली; तिला पावसाचा शिंतोडाही क्वचित लागतो. तरी दर दोन वर्षांनी पोपडे धरायची ती ग्रीलच. गेट त्या मानाने टिकायचे. गोव्यातल्या मांद्र्याच्या या बाजूला रात्री समुद्र ऐकू येतो, त्यामुळे गंजाचे नवल नाही. पण भिजणारे लोखंड शाबूत आणि कोरडे लोखंड कुजलेले, हे कोडे मला बरीच वर्षे सुटले नव्हते.

ते सोडवले शेजारच्या काकांनी. जन्मभर मांडवी-झुआरी नद्यांतल्या खनिजाच्या बार्जांवर रंगाचे काम केलेला माणूस. त्यांनी ग्रीलच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवले, जिभेला लावले आणि म्हणाले, "पयलीं मीठ काड, मागीर रंग लाय."

खारा वारा गेटवरही मीठ आणतो आणि ग्रीलवरही. गेटवरचे मीठ पाऊस धुऊन नेतो. ग्रीलवरचे तसेच बसून राहते, रात्रीच्या दमट हवेतले पाणी ओढून घेते आणि रंगाला जिथे चीर असेल तिथून आत शिरते. हे कळल्यावर माझी कामाची रीतच बदलली. पूर्वी कुठला रंग घ्यायचा यावर डोके खपायचे; आता चार दिवसांच्या कामातले तीन दिवस डबा उघडण्याआधीच जातात. (बोट चाटण्याचा प्रयोग तुम्ही करू नका. कारण पुढे येईल.)

पुढचे सगळे ग्रील, गेट, टाकीचा स्टँड, जिन्याचा कठडा, गॅरेजमधले रॅक असल्या कामांसाठी आहे. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला आतून लावायचे रंग वेगळे असतात, त्यासाठी हा लेख वापरू नका.

एपॉक्सीचे गुण आणि एक मोठा अवगुण

ऑइलपेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो. एपॉक्सीचे तसे नाही. त्याचे दोन डबे असतात, बेस आणि हार्डनर. दोन्ही एकत्र आले की त्यांची आपापसात रासायनिक क्रिया होते आणि थर कडक होतो. फुटलेल्या कपाचा कान अ‍ॅराल्डाइटच्या दोन ट्यूब पिळून जोडला असेल, तर हे घराणे तुमच्या ओळखीचे आहे. लोखंडाला धरून बसण्यात आणि पाणी-क्षार अडवण्यात ऑइलपेंट त्याच्या जवळपासही येत नाही. वास्कोला बांधली जाणारी जहाजे आणि नदीतल्या बार्जा यांच्यामुळे गोव्याला एपॉक्सी जुनेच आहे. घरी मात्र आपण अजून रेडऑक्साइडचा एक हात आणि वर ऑइलपेंट इथेच अडकलो आहोत.

अवगुण म्हणजे ऊन. उघड्यावरच्या एपॉक्सीची चमक काही महिन्यांत जाते आणि हात लावला की खडूसारखी पूड लागते. खालचा थर लगेच निकामी होत नाही, पण दिसायला वाईट आणि झिजत राहणारा. म्हणून उन्हातल्या कामावर शेवटचा हात पॉलियुरेथेनचा, बोलीभाषेत पीयूचा, हवाच. गॅरेजच्या आतल्या रॅकला त्याची गरज नाही.

दिवस निवडणे

जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. गणेशचवथीच्या आधी घर रंगवायची आपली घाई असते, मी समजू शकतो. त्या घाईत भिंती रंगवा, लोखंड ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम, आणि त्यातही सकाळी उठल्या उठल्या नाही.

कारण दव. हवेत जेवढी वाफ आहे ती ज्या तापमानाला पाणी होऊन पृष्ठभागावर बसू लागते, तो दवबिंदू. लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असले पाहिजे आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत, हा रंगकामातला जगभर पाळला जाणारा नियम. दवबिंदूचा घरगुती हिशेब सोपा आहे: १०० मधून आर्द्रता वजा करा, उरलेल्याला ५ ने भागा, आणि तो आकडा तापमानातून वजा करा. हवा ३० अंश, आर्द्रता ८० टक्के असेल तर २० भागिले ५ म्हणजे ४, दवबिंदू २६. लोखंड २९ च्या वर हवे, आणि सावलीतल्या गॅरेजमध्ये ते सकाळी बहुधा नसतेच. जानेवारीत उशिरा सकाळी २८ अंश आणि ६० टक्के असेल तर दवबिंदू २०. मग निर्धास्त. आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळवजा यंत्र काही शे रुपयांत मिळते. ते गॅरेजमध्येच टांगा; मोबाइलवरचा आकडा तुमच्या गॅरेजचा नसतो.

यंत्र नसेल तर ओल्या फडक्याची एक रेघ लोखंडावर ओढा. पंधरा मिनिटांत ती पूर्ण सुकली नाही, तर आज रंग नाही.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो. दुपारकडे तो फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. सकाळी धुतलेले स्वच्छ लोखंड दुपारभर उघडे ठेवले तर त्यावर पुन्हा मीठ बसते. म्हणून शेवटचे धुणे, सुकवणे आणि पहिला हात हे सारे एकाच सकाळी, साधारण १० ते १ च्या दरम्यान उरकायचे. डिचोली-वाळपईकडच्यांना खाऱ्या वाऱ्याची एवढी धास्ती नको. त्यांच्याकडे तांबडी धूळ आहे. ती गंजावर बसली की गंज दिसत नाही आणि ओल्या रंगावर बसली की काही केल्या निघत नाही.

गॅरेजची मांडणी

गाडी बाहेर काढा, लांब लावा. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण. ते काचेत आणि फरशीत रुततात आणि पहिल्या ओलीला तपकिरी ठिपके होऊन वर येतात. माझ्या गॅरेजच्या पांढऱ्या फरशीवर असे नक्षत्र अजून आहे. ग्राइंडिंग शक्यतो बाहेर अंगणात करा, रंग आत. दोन्ही कामे एकाच वेळी, एकाच जागी कधीच नाही: थिनरची वाफ आणि ठिणगी यांची गाठ पडता कामा नये. गॅसचा सिलिंडर, इन्व्हर्टरची बॅटरी, देवापुढची समई, सगळे लांब.

ग्रील जमिनीवर आडवी ठेवून रंगवली की एक बाजू नेहमी राहते. छताच्या हुकांतून एक पाइप आडवा बांधा आणि जाड तारेच्या आकड्यांनी ग्रील उभी टांगा. चारही बाजू हाताशी येतात. शटर अर्धे आणि मागची खिडकी पूर्ण उघडी, म्हणजे हवा आरपार जाते. पंखा मात्र कामावर रोखू नका, धूळ आणतो.

अंगावरचे सामान: ग्राइंडरसाठी चष्मा, कानाला बोळे, धुळीसाठी एन-९५. रंगासाठी एन-९५ चालत नाही, त्यातून वाफ आरपार येते. कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. हातमोजे नायट्राइलचे, आणि बरेचसे. एपॉक्सी कातडीला वारंवार लागले तर त्याची कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की पुढे नुसत्या वाफेनेही खाज सुटू शकते. हाताला लागले तर थिनरने पुसू नका, थिनर ते आणखी आत नेतो. साबण आणि पाणी.

जुना रंग आणि धातू ओळखणे

घर जुने असेल तर सगळ्यात खालचा नारिंगी-शेंदरी थर शिशाचा असू शकतो. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९०) आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या कुठल्याही थरावर मी विश्वास ठेवत नाही. असा रंग कोरडा घासायचा नाही, ग्राइंडर लावायचा नाही, जाळायचा तर मुळीच नाही. पाणी मारत ओल्या सँडपेपरने घासा, खाली प्लास्टिक अंथरा, पोपडे गोळा करून पिशवीत बांधा, पोरांना लांब ठेवा. बोट चाटायचे नाही ते यासाठीच.

चांगला चिकटलेला जुना ऑइलपेंट ठेवून त्यावर एपॉक्सी मारता येईल का? मी नाही म्हणतो. एपॉक्सीतले द्रावक कडक असते, ते जुन्या ऑइलपेंटला उचलते आणि त्याला दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. ठेवायचाच असेल तर हातभर तुकड्यावर लावून दोन दिवस थांबून पाहा.

नवे काळे पाइप फसवे असतात. त्यांच्यावरची निळसर काळी गुळगुळीत साल ही कारखान्यात गरम रोलिंग करताना बसलेली ऑक्साइडची खपली, मिल स्केल. ती घट्ट वाटते, म्हणून लोक तिच्यावरच रंग मारतात. वर्ष-दोन वर्षांत ती साल रंगासकट निघते. काढावीच लागते. जीआयवर, म्हणजे जस्त चढवलेल्या पाइपवर किंवा पत्र्यावर, थेट ऑइलपेंट टिकत नाही कारण त्यातले तेल आणि जस्त यांचा साबण होतो. एपॉक्सीचे तसे होत नाही. फक्त जस्त खरवडून न काढता १२० नंबरच्या पेपरने त्याची चमक मारायची. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडी तारेचा ब्रश लावू नका, त्याचे कण रुतून तिथेच गंजाचे डाग येतात. त्यासाठी नवा पेपर घ्या आणि घासल्यावर दोन-तीन तासांत प्रायमर लावा.

पहिली पायरी तेल, गंज नंतर

हा क्रम बहुतेक जण उलटा करतात. तेलकट लोखंडावर आधी ग्राइंडर फिरवला तर तेल चरांमध्ये आणखी पसरते. बिजागऱ्यांवरचे ग्रीस, कडीवरचे खोबरेल, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रीलवरचा फोडणीचा चिकट थर, हे सगळे आधी भांडी घासायच्या साबणाने आणि काथ्याने काढा, भरपूर पाणी ओता. मग दोन फडकी: एक थिनरने ओले, दुसरे कोरडे. ओल्याने पुसले की थिनर उडायच्या आत कोरड्याने उचलायचे. एकच फडके फिरवत राहिलात तर तेल फक्त जागा बदलते. रॉकेल किंवा डिझेल अजिबात नको. ते स्वतःच तेलाचा थर मागे ठेवतात.

तेल गेले की नाही, हे पाणी सांगते. वर तांब्याभर पाणी ओता. ते अखंड पातळ चादरीसारखे पसरले तर ठीक. कमळाच्या पानावरच्यासारखे थेंब होऊन फुटले तर पुन्हा साबण.

गंज काढणे

खपल्या छोट्या हातोडीने ठोकून पाडा, मग पटाशीने किंवा स्क्रॅपरने खरवडा, मग ग्राइंडरला ६० नंबरची फ्लॅप डिस्क. ग्राइंडरचे गार्ड काढून काम करणारे पुष्कळ पाहिले आहेत. गार्ड राहू द्या, आणि डिस्क बदलताना प्लग काढा.

तारेचे चाक लावले की लोखंड कसे आरशासारखे होते, मन प्रसन्न होते, आणि तिथेच घात होतो. ते चाक गंज काढण्यापेक्षा तो चोपडून चकाकवते. एपॉक्सीला धरायला खरखरीत पृष्ठभाग लागतो. तारेच्या चाकानंतर ८० नंबरच्या पेपरने आडवे-उभे घासलेच पाहिजे. नखाने ओरखडले तर खर्र आवाज यावा.

मोठे गेट असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर ब्लास्टिंग (जोरदार हवेने खरखरीत कणांचा मारा करून लोखंड साफ करणे) करणाऱ्याकडे नेणे केव्हाही सरस. तो साध्या वाळूने करतो का, एवढे विचारा. वाळूच्या धुळीने फुप्फुसांना सिलिकोसिस होतो. कॉपर स्लॅग, गार्नेट किंवा स्टील ग्रिट वापरणारा पाहा. ब्लास्ट केलेले लोखंड उघडे पडलेले असते, प्रायमर त्याच दिवशी, चार तासांच्या आत लागला पाहिजे. किनाऱ्यावर तेवढेही थांबू नका.

आता कडा. रंग ओला असताना धारदार कडेवरून मागे ओढला जातो आणि तिथे सगळ्यात पातळ बसतो. गंज तिथूनच सुरू होतो. पट्टीच्या, अँगलच्या कडा कानशीने मारून गोल करा. बोट फिरवले तर कापल्यासारखे वाटता कामा नये. वेल्डिंगचे दाणे छिन्नीने उडवा, टाक्यांवरचा स्लॅग ठोकून काढा.

बॉक्स पाइपचे गेट असेल तर तळाच्या आडव्या पाइपला खालून एक ६ मिलिमीटरचे भोक पाडा. आत साठलेले पाणी बाहेरून कितीही रंगवले तरी पाइप आतून खाते. वरची उघडी टोके बंद करा, खालचे भोक उघडे ठेवा.

मीठ काढणे

इथवर आलात की लोखंड करडे, स्वच्छ दिसते. दिसू द्या. गंजाने पाडलेले बारीक खड्डे जवळून, शक्य तर भिंगातून पाहा. त्यांच्या तळाशी काळे टिंब असते. मीठ तिथे आहे, आणि ग्राइंडर तिथे पोहोचत नाही.

गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्याजवळच्या काही विहिरी आणि बोअरवेल उन्हाळ्याकडे मचूळ होतात, ते पाणी इथे चालणार नाही, नळाचे वापरा. नायलॉनच्या ताठ ब्रशने खड्डे घासत, वरून पाणी वाहते ठेवत, मागची बाजू आणि सांधे विसरू नका. मग फडक्याने टिपा आणि केस वाळवायच्या यंत्राने सांध्यांतले पाणी उडवा.

धुतल्यावर ग्रीलवर फिकट पिवळसर छटा येईल. ती नव्या ओलीची, पेपरने झटक्यात जाते. पण ग्रील एक रात्र गॅरेजमध्ये टांगून ठेवा आणि सकाळी पाहा: स्वच्छ करड्या लोखंडावर कुठे कुठे गडद तपकिरी ठिपके घाम फुटल्यासारखे वर आलेले असतात. नेमके तिथे मीठ उरले आहे. तेवढ्या जागा पुन्हा घासा, पुन्हा धुवा. माझ्या ग्रीलला हे तीनदा करावे लागले. तिसऱ्या सकाळी ठिपके आले नाहीत, तेव्हा काकांनी चहा घेतला.

बाटलीतला गंजनाशक लावला की हे सारे टळते, असे दुकानात सांगतात. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत फॉस्फरिक आम्ल असते. ते पातळ गंजाला काळा करते हे खरे, पण मीठ काढत नाही, आणि त्याचे अवशेष धुतले नाहीत तर एपॉक्सीची पकड सुटते. मी वापरत नाही.

खरेदी आणि हिशेब

घरी ब्लास्टिंग नाही, म्हणून हाताने घासलेल्या पृष्ठभागावर चालणारा एपॉक्सी मागा. दुकानदार त्याला सरफेस टॉलरंट किंवा मॅस्टिक म्हणतात. झिंकरिच एपॉक्सी ऐकायला भारी, पण त्यातले जस्त उघड्या, ब्लास्ट केलेल्या लोखंडाला भिडले तरच काम करते. बेस आणि हार्डनर एकाच किटचे, तारीख पाहून घ्या. एकदा मला एका दुकानात दुसऱ्याच किटचा हार्डनर "सगळे सारखेच" म्हणून मिळाला होता. महिन्यानंतरही नखाने खूण उमटत होती. थिनरही त्याच रंगासाठी सांगितलेला घ्या. आणि माहितीपत्रक मागा. त्यात मिश्रणाचे प्रमाण, घनभाग (रंग वाळल्यावर मागे उरणारा भाग), दोन हातांमधला वेळ हे सगळे असते, आणि त्यात लिहिलेले माझ्या या लेखाच्या वर.

किती लागेल? दीड मीटर रुंद, १.२ मीटर उंच ग्रील धरा. १२ मिलिमीटरच्या चौकोनी सळ्या, उभ्या १६ आणि आडव्या ४: एकूण सुमारे २५ मीटर. सळीच्या चार बाजू मिळून ४.८ सेंटिमीटर, म्हणजे रंगवायचा भाग १.२ चौरस मीटर. रंगाचा घनभाग ८० टक्के आणि वाळल्यावर १०० मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा) थर हवा असेल, तर लिटरमागे ८ चौरस मीटर होतात (घनभाग गुणिले १०, भागिले मायक्रॉन). कागदावर १५० मिली; बारीक सळ्यांवर ब्रशने बराच वाया जातो, म्हणून २२५ धरा. एवढ्यासाठी अख्खे किट उघडणे महाग पडते. वर्षभराची लोखंडाची कामे साठवा आणि एकदम काढा.

मिसळणे

प्रमाण ४ ला १ असेल तर ४ ला १. पॉलिएस्टर रेझिनमध्ये लवकर सेट व्हावे म्हणून थेंब जास्त टाकतात, ती सवय इथे नाही. जास्त हार्डनर टाकून एपॉक्सी लवकर होत नाही. जास्तीचा हार्डनर तसाच मोकळा राहतो आणि थर मऊ होतो. प्रमाण मापाने दिले आहे की वजनाने, तेही पाहा. खुणा केलेले प्लास्टिकचे ग्लास बरे.

आधी बेस एकटा ढवळा, तळाशी बसलेला सगळा चोथा वर आला पाहिजे. मग हार्डनर घाला, सपाट पट्टीने कडा आणि तळ खरवडत तीन-चार मिनिटे. मग दुसऱ्या स्वच्छ डब्यात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या डब्याच्या कोपऱ्यात न मिसळलेला बेस नेहमी राहतो, आणि तो नेमका शेवटच्या ब्रशला येतो. पत्रकात मुरवायला १५-२० मिनिटे सांगितली असतील तर तेवढे झाकून ठेवा.

मिश्रणाचा वापरण्याजोगा वेळ उष्णतेने झपाट्याने घटतो: दर १० अंशांना साधारण निम्मा. पत्रकावरचा वेळ बहुधा २५ अंशांचा असतो, आपले गॅरेज ३२ चे. म्हणून पाव-पाव लिटरच करा. उरलेले डब्यात साठवून ठेवू नका. एकदा मी जेवायला म्हणून आत गेलो, परत येईतो प्लास्टिकच्या ग्लासातले मिश्रण धुमसत होते आणि ग्लास खाली बसला होता. उरलेले पत्र्यावर किंवा वाळूवर पातळ पसरून बाहेर ठेवा, कडक झाल्यावर कचऱ्यात. नाल्यात नाही.

लावणे

सुरुवात सपाट भागापासून करू नका. आधी छोट्या ब्रशने फक्त कडा, वेल्डिंगचे टाके, सांधे, बोल्ट आणि भोके: ब्रश टोचत, रंग आत कोंबत. हा अर्धा-मुर्धा हात म्हणजे ग्रीलचे अर्धे आयुष्य. तो हाताला चिकटेनासा झाला की पूर्ण हात द्या. ब्रश ताठ केसांचा, सपाट पत्र्याला चार इंची रोलर. स्प्रे घरी नको. धुके फुप्फुसात जाते आणि शेजाऱ्याच्या गाडीवरही.

थर किती बसला, हे मोजायला दातेरी फणीसारखी एक पट्टी मिळते, ओल्या रंगात टेकवली की कुठल्या दातापर्यंत रंग लागला ते दिसते. वाळल्यावर १०० मायक्रॉन हवे आणि घनभाग ८० टक्के, तर ओला थर १२५ चा. थिनर घातला असेल तर तेवढा जास्त. पण पत्रकातल्या मर्यादेपलीकडे थिनर नको. ओघळ येतात, कडा उघड्या पडतात.

पहिला हात करडा, दुसरा वेगळ्या रंगाचा. राहिलेली जागा ओरडून सांगते.

दोन हातांमधला किमान वेळ सगळे पाळतात, कमाल वेळ कोणी वाचत नाही. तो उलटला की खालचा थर इतका कडक झालेला असतो की वरचा त्याला धरत नाही. मग १२० च्या पेपरने घासून, धूळ पुसूनच पुढे जायचे.

आणि दुसऱ्या हाताआधी पहिल्यावरून हात फिरवा. मेणचट, किंचित चिकट, पांढुरकी साय जाणवली तर थांबा. दमट हवेत हार्डनरमधले अमाइन हवेतल्या कार्बन डायऑक्साइड आणि वाफेशी जुळून ही साय धरते. माझे पहिले गेट यानेच गेले. चवथ आटोपून सप्टेंबरअखेर, संध्याकाळी सहाला पहिला हात. सकाळी ती साय थिनरने पुसली, साफ झाली असे वाटले, वर दुसरा हात. पुढच्या मे महिन्यात दुसरा हात केळीच्या सोपटासारखा अखंड सोलून निघाला, खाली पहिला हात जसाच्या तसा. ती साय पाण्यात विरघळते, थिनरने नुसती पसरते. कोमट पाणी, थोडा साबण, हिरवी घासणी, मग स्वच्छ पाणी, सुकवणे, आणि त्यानंतर पेपर. आधी पेपर मारला तर साय घासून आत जाते.

पट्टीवर पट्टी ठेवून वेल्ड केलेल्या फटी पहिल्या हातानंतर एपॉक्सी पुट्टीने बुजवा. रंगारी वापरतात ती साधी लांबी (पुट्टी) ओल धरते, ती नको.

उन्हातल्या कामावर शेवटी पीयू, ५० मायक्रॉनच्या आसपास, एपॉक्सीच्या कमाल वेळेच्या आत. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. दमा असलेल्याने या कामात हात घालू नये. बाकीच्यांनी मास्क लावून, फक्त ब्रशने, दारे उघडी ठेवून. उघडलेला पीयू हार्डनर उरला तर हवेतली ओल खाऊन गोठतो, म्हणून तो पुरेपूर वापरा.

रात्री हात लावून कोरडे वाटले तरी ते घट्ट झालेले नसते. पूर्ण ताकद यायला २५ अंशांना साधारण सात दिवस. तोवर ग्रील परत बसवू नका, बोल्ट आवळू नका. बसवताना बोल्टखाली नायलॉनचा वायसर घाला, आणि आवळताना जिथे खरवडले तिथे राखून ठेवलेल्या छोट्या मिश्रणाचा ठिपका द्या.

नंतर

महिन्यातून एकदा पाइप लावून ग्रीलची मागची बाजू गोड्या पाण्याने धुवा. ऑक्टोबर ते मे न चुकता. पावसात गेट आपले आपण धुतले जाते, ग्रील तेव्हाही तुमच्याच हातची.

आमच्या ग्रीलला यंदा चौथे वर्ष. तिची तिन्ही पाने बोल्टने निघतात, ती गॅरेजमध्ये नेऊन रंगवली होती. चिऱ्याच्या भिंतीत रुतलेल्या चौकटीच्या पायांना मात्र जागेवरच घासले होते. डाव्या खालच्या पायाशी, सिमेंट आणि लोखंड भेटतात तिथे, गेल्या आठवड्यात नखाएवढा तपकिरी ओघळ दिसला. काकांना दाखवला. त्यांनी वाकून पाहिले, सिमेंटची कड नखाने टोकरली आणि म्हणाले, डिसेंबरात दोन इंच सिमेंट फोडायचे, आत धुवायचे. फ्लॅप डिस्क आणून ठेवली आहे.